विमानाची घाण

कोपर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. कृतिका हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तुझं मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहितेय. आधी खूशखबर. गॅलरीत वाळत ठेवून गेलेलीस ते विमान मी स्वच्छ केलं! शी, काय अवस्था होती गं त्याची. पंखांवर तेलाचे ओघळ, पोटाला काजळी, चाकांना चिखल. मुळात रंगच कसले निवडलेस? हिरवा म्हणावा तर डबक्यातलं शेवाळ, तपकिरी म्हणावा तर बाळाच्या दुपट्यातला. मला घास जाईना. शेवटी भांड्यांचा साबण नि जुना टूथब्रश घेऊन बसले. शेजारची शालू बघायला आलेली. तिच्या सुनेचे चहाचे कप पलंगाखाली सापडतात म्हणे, बुरशी धरलेले! असो. दाराला लावलेला चकचकीत गुलाबी रंग अर्धा डबा उरलाय, तो मार आता विमानाला.

शनिवारी मांदेली तळते, ये.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी आजी

ठाणे, ७ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

आजी, ती घाण मी रंगवलेली! खरं विमान उडून उडून मळतं तसं हुबेहूब दाखवलं की छोट्या उडत्या विमानांच्या स्पर्धेत मार्क मिळतात. इंजिनाच्या तेलाने रंग विरघळू नये म्हणून वरून पारदर्शक वॉर्निशचा हात द्यायचा राहिलेला, त्याआधीच तू घासलंस. दाराचा रंग तर नकोच. तो जड, विमान उठणार नाही. आणि चकचकीत लावला तर जत्रेतलं खेळणं दिसेल.

रागावले नाही असं खोटं लिहीत नाही. या शनिवारी येणार नाही. महिनाअखेर रंगांचं सामान न्यायला येईन. यापुढे रंगकाम मैत्रिणीकडे, प्रीतीकडे, इथेच ठाण्यात.

तब्येतीला जप.

कृतिका

कोपर, ११ फेब्रुवारी

चि. कृतिकास आशीर्वाद, घेशील तर.

घाण मुद्दाम रंगवतात हे वाचून मळमळलं. पण शनिवारी मांदेली शालूच्या घरी पाठवावी लागली, तेव्हा जास्त मळमळलं.

मग तुझ्या रंगाच्या डब्या उघडल्या. मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर हिरवा, वर काळा, वर तो तपकिरी फासला. शी शी, या वयात स्वतःच्या हाताने घाण करायची! साबणाने हात धुतले तरी वास जाईना. झाकण सोबत पाठवलंय, ओघळ बघ कसे जमलेत. गॅलरीत झाडूही नेलेला नाही. जाळी धरलीत, अंगावर काटा येतो, पण धरू दे. सामान इथेच राहू दे ना गं.

आजी

ठाणे, १७ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

झाकण मिळालं. अगं, अगदीच टाकाऊ घाण आहे! विमान पुढे पळतं म्हणजे ओघळ मागे जातात; तुझे सगळे खाली, केसांतून उतरलेल्या तेलासारखे. प्रीती हसून हसून लोळली. पुन्हा काढावं लागेल, माझ्यासमोर बसून. शनिवारी सकाळीच येते. तोवर एकाही डबीला हात लावायचा नाही.

आणि गॅलरी झाडून घे बाई. ओल्या रंगाला धूळ चिकटते.

तुझीच,
कृतिका