जामीनदाराची सही

दि. ४ जून

चि. खारू हीस,
आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. समाजकार्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं आणि मग शेजारच्या शिंप्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. चुकीचं वाचून उगाच आनंद करत बसायला नको. शिंपी म्हणाला की लोकांचं भलं करायचं शिकायला एवढी फी पडत असेल, तर वाईट करायचं फुकटात शिकता येतं म्हणूनच जग असं आहे. मी त्याला म्हटलं, तू आपल्या काजांकडे बघ. पण तुझ्यापासून काय लपवू, फीच्या आकड्यातली शून्यं मीही बोटानं दोनदा मोजली.

बँकेत जाऊन आलो. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. हे शिकून मुलगी काय काम करणार, असं विचारलं. मी सांगितलं, ज्यांना कुणी नाही त्यांच्याकडे जाणार. त्यावर ते हसले आणि म्हणाले, मग कर्ज कोण फेडणार, तेच लोक का? माणूस वाईट नव्हता. पण नाहीच म्हणाला.

आता कापूस पिंजायचं मशीन विकायला काढतो. तसंही हल्ली कापसाची गादी मागतो कोण? सगळ्यांना फोम हवा. भंगारवाला वजनावर मागतोय. दोन-चार दिवस ताणून बघतो.

तुझी लहान उशी कपाटात दिसली नाही, म्हणजे बरोबर नेली असशील. तिला अधूनमधून ऊन दाखव. तो कापूस आहे, फोम नाही. खोकला बरा आहे. रात्री खोलीची कडी नीट लावून झोपत जा. पत्राला उशीर झाला की मी नको नको ते मनात आणतो, तेवढी वेळ येऊ देऊ नकोस.

तुझा,
आबा


दि. १२ जून

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मशीन विकू नका. हे पत्र हातात पडेल तेव्हा भंगारवाला दारात उभा असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बातमी चांगली आहे. आपल्या गावातलं पाण्याच्या टाकीजवळचं मोठं इस्पितळ आहे ना, त्यांचा ट्रस्ट दर वर्षी एका मुलीची दोन्ही वर्षांची फी आणि वसतिगृहाचा खर्च भरतो. शिकून झालं की तीन वर्षं त्यांच्याकडे नोकरी करायची. तीही पगारी. आबा, त्यांनी मला निवडलं! म्हणजे दोन वर्षांनी मी घरीच येणार, आणि रोज सकाळी तुम्ही करपवलेला चहा पिऊन कामावर जाणार.

एकच अट आहे. घरचा एक माणूस जामीनदार लागतो. मी नोकरी मध्येच सोडली तर त्यानं भरपाई द्यायची. वडिलांनी दुसरा संसार थाटल्यापासून आपल्याला चार ओळी लिहिलेल्या नाहीत, तेव्हा त्यांना विचारायचा प्रश्नच नाही. माझे जामीनदार तुम्हीच. तसे तुम्ही जन्मभर आहातच, आता फक्त कागदावर यायचं. सही मात्र इस्पितळाच्या कचेरीत, साहेबांसमोर करावी लागते. दहा जुलैपर्यंत. कागद मी थेट तिकडे पाठवले आहेत. ती मुदत चुकली तर कॉलेजची फी भरायला माझ्याकडे दुसरा मार्ग नाही आणि जागा दुसरीला जाईल.

शिंपीकाकांना सांगा, वाईट करायलाही फी पडते, फक्त ती दुसरे भरतात.

तुमचा जीव माझ्यावर आहे तसाच असू द्यावा.

तुमची,
खारू


दि. १९ जून

चि. खारू हीस,
आशीर्वाद.

त्या इस्पितळाचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. मी तिथे सही करणार नाही.

मशीन विकेन, दुकानाचा गाळाही सोडेन. शिंप्याला भिंत पाडून आपलं दुकान वाढवायचंच आहे. कालच त्याच्याकडे विषय काढला. तो आधी हसला, मग माझ्याकडे बघून त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. माझं काय, एक वेळ जेवलो तरी भागतं.

तीन वर्षं तू त्या दारातून आत-बाहेर करणार, आणि मी इथे बसून घड्याळ बघणार? टाकीजवळच्या रस्त्यानं मी जात नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. बाजारात जायला मागच्या गल्लीतून वळसा घालतो. तू विचारायचीस, आबा आपण लांबून का जातो? मी सांगायचो, इकडे सावली आहे.

कॉलेजवाल्यांना हप्ते पाडून मागून बघ. रागावू नकोस. रागावलीस तरी जेवण टाकू नकोस.

आबा


दि. २६ जून

ती. आबांस,
सा. नमस्कार.

हप्ते मिळत नाहीत. दुकान देऊनही पहिल्या वर्षाची फी जेमतेम निघेल आणि तुम्ही उघड्यावर याल. तुम्हाला उघड्यावर आणून मी दुसऱ्यांचे संसार सावरायला शिकू, हे मला जमणार नाही.

इथल्या कापडाच्या दुकानात काउंटरवर मुलगी हवी आहे. मी विचारून आले. तुमचा नकार कायम असेल तर दहा तारखेनंतर तिथे उभी राहीन. फक्त मला कारण हवं. आई तिथे गेली एवढंच मला माहीत आहे. पण माणसं इस्पितळातच जातात, आबा. त्यासाठी कुणी रस्ता टाकत नाही.

हे वाक्य लिहून खोडणार होते. राहू देते.

खारू


दि. १ जुलै

चि. खारू हीस,
अनेक आशीर्वाद.

दोन कागद फाडले, हा तिसरा. अक्षर लागलं नाही तर ताण देऊन वाच.

त्या इस्पितळाच्या गाद्या मी भरत होतो. ते माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. खाटेवरचा माणूस गेला की तिथली आया गादी गुंडाळून पायथ्याशी ठेवायची, मग ती माझ्याकडे यायची. मी खोळ उसवायचो, कापूस उन्हात घालून पिंजायचो, परत भरून टाके घालायचो. बरा होऊन घरी गेलेल्याची गादी कुणी गुंडाळत नाही, नुसती चादर बदलतात. गुंडाळलेली गादी म्हणजे काय, हे त्या वॉर्डातल्या कुणाहीपेक्षा मला जास्त माहीत होतं.

माझी लेक, तुझी आई, तापानं तिथे पडली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तिथल्या उशीनं मान दुखते म्हणाली. मी रात्रीतून एक लहान मऊ उशी केली आणि सकाळी घेऊन गेलो. दारातूनच खिडकीजवळची तिची खाट दिसली. गादी गुंडाळलेली. कडेचे टाके माझेच.

मी आयाला विचारलं, ती म्हणाली खाली चौकशीच्या खिडकीवर विचारा. खिडकीवरचा म्हणाला कागद वर गेलेत. वर गेलो तर डॉक्टर जेवायला गेले होते. असा दुपारपर्यंत फिरलो. सगळे घाईत होते, कुणी वाईट बोललं नाही. शेवटी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, आजोबा, तुम्ही तिला घरी नेणार ना, गाडी सांगू का? तेव्हा मी पन्नाशीचाही नव्हतो, पण त्यानं आजोबा म्हटलं. अशी बातमी मिळाली मला. तोंडानं कुणी सांगितलीच नाही.

त्यानंतर तिथलं काम घेतलं नाही. तिथे पाऊल ठेवलं नाही. ज्या घरानं मला एक वाक्य दिलं नाही, त्या घराला मी माझी नात द्यायची?

एवढं लिहून दम लागला. तू काउंटरवर उभी राहू नकोस. काहीतरी बघतो.

आबा


दि. ५ जुलै

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वसतिगृहाच्या जिन्यात बसून वाचलं. मागचं माझं ते वाक्य मी खोडायला हवं होतं.

तुम्ही सही करू नका. हे मनापासून लिहिते आहे, फुगून नाही. मी ट्रस्टला कळवते की दहा तारखेला कुणी येणार नाही. कापडाच्या दुकानाचे मालक बरे आहेत, बसायला स्टूल देतो म्हणाले. पैसे साठले तर पुढच्या वर्षी बघू.

एक मात्र सांगते, तुम्हाला वळवायला नाही. मुलाखतीत मी विचारलं होतं की इस्पितळाला समाजकार्य शिकलेलं माणूस कशाला हवं? त्यावर तिथल्या वयस्कर मेट्रन म्हणाल्या की डॉक्टर आजाराचं सांगतात, कचेरी बिलाचं सांगते, पण बाहेर थांबलेल्या माणसाशेजारी बसून त्याला सांगायला आमच्याकडे कुणी नाही, कधीच नव्हतं. मला तेव्हा हे निव्वळ कामाचं स्वरूप वाटलं. लिहूनही घेतलं होतं मी.

त्या उशीचं पुढे काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

खोकल्याचं औषध संपलं असेल तर आणा. मी रागावलेली नाही, आणि जेवते आहे.

तुमची,
खारू


दि. १० जुलै

चि. खारू हीस,
आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आज त्या इस्पितळात जाऊन आलो. तुला आधी कळवलं नाही, कारण दारातून परत फिरेन असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.

सकाळी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. शिंप्यानं विचारलं, कुणाचं लग्न? मी म्हटलं जामीन राहायला चाललोय. तो मशीन थांबवून फाटकापर्यंत बरोबर आला. एरवी दहा शब्दांत नऊ टोमणे मारणारा माणूस, रस्ताभर माझ्यावर छत्री धरून चालला.

कचेरीत तुझे कागद होते. तू कळवलेलं अजून पोचलं नव्हतं, किंवा कुणी वाचलं नव्हतं. साहेब मीटिंगला गेले होते, तासाभरानं या म्हणाले. मी खाली बसून राहायला हवं होतं. पण पाय जिना चढले.

वॉर्ड तोच, रंग नवा. गाद्या सगळ्या फोमच्या, वर रेक्झिन. दारातल्या रिकाम्या स्ट्रेचरवरची मी हातानं दाबून पाहिली. ही गादी गुंडाळता यायची नाही. मला उगाच हायसं वाटलं.

मग खिडकीकडे बघितलं. एक आया तिथल्या खाटेवरची गादी ओल्या फडक्यानं पुसत होती. पुसून ती बादली घेऊन निघून गेली. तेवढ्यात चाळिशीचा एक माणूस माझ्या बाजूनं आत गेला. त्याच्या हातात बायकी चष्म्याचं घर. त्यानं स्वच्छ खाट बघितली, चष्मा शेजारच्या कपाटावर नीट ठेवला आणि स्टूल ओढून बसला. तिला तपासणीला नेलं असेल, येईल आता, असं त्याला वाटलं. पलीकडच्या खाटेवरची बाई त्याच्याकडे बघून तोंड फिरवून निजली. खारू, माझ्या वेळी निदान गादी तरी बोलली होती. ही काहीच बोलत नव्हती. तो किती वेळ तसा बसला असता कोण जाणे.

सांगायचा अधिकार माझा नव्हता, आणि मला खात्रीही नव्हती. मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, जरा बाहेर बसू या. तो कोण तुम्ही म्हणाला नाही, कपाटावरचा चष्मा घेऊन माझ्यामागे आला. बाहेर बाक आहे, त्यावर बसवलं. चष्मा कुणाचा ते विचारलं. बायकोचा म्हणाला, काल घरी विसरला होता, तिला त्याच्याशिवाय चार अक्षरं वाचता येत नाहीत.

सिस्टर लगबगीनं चालली होती. कोवळी पोर, तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी. मी तिला हाक मारली. ती म्हणाली एक मिनिट, आणि उभ्या उभ्याच सांगायला लागली. मी म्हटलं, बाळ, आधी बस. तिनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या आणि बसली. मग तिनं सांगितलं. दोन वाक्यांत. नीट, त्याच्याकडे बघून. दोष द्यावा असं तिच्यात काही नव्हतं. अख्ख्या वॉर्डाला सिस्टर दोघीच, दुसरीकडून तिला हाका चालूच होत्या. तिला जावं लागलं.

तो रडला नाही. मला विचारत होता की चष्मा परत न्यायचा का. मी म्हटलं, ने. त्याचा भाऊ येईपर्यंत मी तिथेच बसून होतो. बोललो काहीच नाही. मला येत नाही. काय बोलावं, केव्हा गप्प बसावं, हे शिकावं लागत असणार आणि त्याला दोन वर्षं लागत असतील, हे मला तिथे बसल्यावर पटलं. बँकेच्या साहेबांनाही एकदा त्या बाकावर नेऊन बसवावं असं वाटलं.

खाली आलो तेव्हा कचेरी बंद होत होती. साहेब घड्याळ दाखवून म्हणाले, तासाभरानं या म्हटलं होतं. मी सांगितलं, वर एक माणूस एकटा होता. त्यांनी कागद पुढे केला. नात्याच्या रकान्यात वडील नाही, आजोबा लिहिलं. धंद्याच्या रकान्यात काय लिहू म्हणून थांबलो, तेव्हा ते म्हणाले, निवृत्त लिहा. मी गादीवाला लिहिलं. मग सही केली. जरा वाकडी झाली, पण वाचता येते. साहेबांनी तुझी फी दोन दिवसांत कॉलेजकडे जाईल असं सांगितलं. आता कापडाच्या दुकानदाराला जाऊन सांग की स्टूल दुसऱ्या कुणाला दे.

उशीचं विचारलं होतंस. त्या रात्री मी ती तशीच घरी आणली. तू आईच्या नावानं रडत होतीस, ती तुझ्या डोक्याखाली सरकवली आणि तुला झोप लागली. तेव्हापासून ती तुझ्याकडेच आहे. म्हणून म्हणतो, ऊन दाखवत जा.

मशीन विकत नाही. वरचा तो बाक लाकडी आहे, थंड आणि कडक. निघताना सिस्टरला विचारलं, गादी करून दिली तर चालेल का? ती म्हणाली, पुसता यायला हवी, कापूस चालणार नाही. मग ठरलं की वरून रेक्झिन आणि आत माझा कापूस. आत काय आहे ते कोण उसवून बघतोय? शिंपी रेक्झिन शिवून देणार आहे, फुकट, आणि त्याबद्दल वर्षभर ऐकवणार आहे.

माप मी वितीनं घेतलं. उगाच लांबलचक करत नाही. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढीच करतो. एक ज्याला ऐकायचंय तो, आणि एक तू.

घाई करू नकोस, नीट शिकून ये. तोवर आबावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आबा