सत्तर की चाळीस?

प्रिय चष्मिस,

सहा वर्षांनी पत्र लिहितेय आणि मायन्यातच खोडी काढतेय. पण सवयीचं नाव तेच. हृदयाचा सीटी स्कॅन पडद्याला नाक टेकवून वाचणारी आमच्या विभागात तुझ्यानंतर कोणी आलीच नाही.

आपला तो अभ्यास आठवतो ना? दोनशे पेशंटचे स्कॅन आपण दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत वाचायचे, कुठली रक्तवाहिनी किती टक्के अरुंद झालीय ते लिहायचं, आणि मग अँजिओग्राफीशी ताडून बघायचं, की स्कॅनवर भरवसा ठेवावा तरी किती. त्या शिंपीकाकांच्या स्कॅनवर मी सत्तर लिहिलं, तू चाळीस. “तो वाहिनीच्या भिंतीत साचलेला कॅल्शियमचा चुना आहे. चमकतो, म्हणून आहे त्याहून फुगलेला दिसतो,” तू शांतपणे म्हणालीस. मी सगळ्यांदेखत तुला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. अँजिओग्राफीत चाळीसच निघाले. मी तोंड चुकवत राहिले, आणि महिनाभरात तू दुसरीकडे नोकरी धरलीस.

तेव्हापासून मला नादच लागलाय. जेवणाच्या सुट्टीत जुने स्कॅन काढून बसते. गंमत बघ, वाहिन्या साफ आहेत असं स्कॅन म्हणाला, तर बहुतेक वेळा डोळे मिटून मानावं. अडथळा आहे म्हणाला, की मात्र उलटतपासणी घ्यावी. आरोप करण्यात तो माझ्यावर गेलाय.

घरी सगळं ठीक. लेक वसतिगृहात रमली. आईला कमी ऐकू येतं, पण फ्रिज उघडला की आतल्या खोलीतून विचारते, काय काढलंस म्हणून.

हल्ली जिना चढताना छातीत दाटतं. म्हणून मंगळवारी मीच त्या यंत्रात आडवी झाले. स्वतःचं हृदय पडद्यावर बघताना भीतीआधी कुतूहलच वाटलं. इतकी वर्षं हे आत मुकाट्याने राबतंय! डावीकडच्या मोठ्या वाहिनीत चुना चमकतोय. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा वेगळा आकडा. इथले सगळे माझ्या हाताखालचे, मी म्हणेन त्याला माना डोलावतील. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात. अँजिओग्राफी करायची की नाही, ते आठवड्यात ठरेल. सीडी सोबत पाठवतेय. मला आवडेल असं नको, दिसेल ते सांग. आणि त्या दिवशी मी तुझा अपमान केला, त्याची माफी मागायची राहिली होती. ती मागायला स्वतःचं दुखणं यावं लागलं, याची लाज वाटते. तरी मागते.

तुझीच,
भांडखोर