बाद मत

दादा,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही.

तू आणि आमचे हे एकाच वॉर्डातून उभे राहिलात. मतं सारखी पडली, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि यांचं नाव निघालं. तू कोर्टात गेलास. तेव्हापासून आमची पायरी चढला नाहीस.

परवा तुझ्या वकिलांनी मला साक्षीला उभं करून विचारलं, "मत कुणाला दिलंत?"

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "मत गुप्त असतं. उत्तर देऊ नका."

मला कुणी गप्प बसवलं आणि बरं वाटलं, असं पहिल्यांदाच झालं.

आज फेरमोजणीत पुन्हा बरोबरी झाली, म्हणजे चिठ्ठीचा निकाल कायम. बाद मतपत्रिका एकच होती. अधिकाऱ्यांनी ती तुम्हा दोघांसमोर धरली. दोन्ही चिन्हांवर शिक्का.

"कोण हा दीडशहाणा?" तू म्हणालास.

"तुमच्याच घराण्यातला असणार, मेव्हणे," हे म्हणाले.

आणि तुम्ही दोघं हसलात. मग मला न विचारता चहाला गेलात.

शिक्के अगदी चौकटीच्या मधोमध होते, दादा. माझा हात जरासुद्धा हलला नव्हता.

तुम्हा दोघांची,
छोटी