घरचा कार्बन आणि घरचे शत्रू

३ जानेवारी, सकाळ
आजपासून हे घर सुधारणार. काल वस्तीच्या सभेत पर्यावरण संस्थेकडून आलेली ती बोलली. प्रत्येक घर किती कार्बन सोडतं ते महिनाभर मोजायचं आणि कमी करायचं. वीज, गॅस, पेट्रोल, सगळं. 'जमेल त्यांनीच नाव द्या' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे पंखा होता, पण पंख्याकडे कोण एवढा वेळ पाहतं? नाव दिलं. आमचं घर पहिलं आलं की तिला मनातलं सांगून टाकायचं. ठरलं.
कॉलेज सोडलं ते बरंच झालं. तिथे पृथ्वीबद्दल कोणी गंभीर नव्हतं. अकाउंट्स शिकवत होते.

संध्याकाळ
घरच्यांना योजना सांगितली. बाबा म्हणाले, आधी स्वतःच्या पांघरुणाची घडी घाल. धाकटीने विचारलं, दादाचे मोजे कार्बनमध्ये धरायचे का. आई काहीच बोलली नाही, म्हणजे तीच सर्वांत धोकादायक. शत्रू ठरले: बाबा (गिझर), आई (गॅस), धाकटी (केस वाळवायचं यंत्र).

५ जानेवारी
गिझरचा फ्यूज काढून खिशात घातला. बाबांची गार पाण्याने अंघोळ. आतून आलेले शब्द लिहिण्यासारखे नाहीत. बरेचसे माझ्या बापाबद्दल होते. रागात माणसाला भान राहत नाही.
मीटरचा रोजचा आकडा खाली आला! लगेच तिला सांगायला गेलो. ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. फोनवर सांगता आलं असतं, पण आकड्याचं वजन समोरासमोरच कळतं. मोटरसायकल काढली. ती म्हणाली, 'बरं.' काय गोड म्हणाली!

८ जानेवारी
फितुरी. आई बाबांच्या अंघोळीचं पाणी गॅसवर तापवते. शेगडीशी उभा राहून तिला झाकणाचं महत्त्व समजावलं. म्हणाली, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी झाकण ठेवते आहे, आता बाजूला हो, नाहीतर हेच झाकण तुझ्यावर ठेवीन. सत्य कडू असतं.
आकडा द्यायला गेलो तर तिच्या दारात एक सायकलवाला. दातांचा डॉक्टर म्हणे. डोक्यावर हेल्मेट, तेही सायकलला. दोघं हसत होते. त्याला धाक बसावा म्हणून गाडी जागेवरच जरा रेस केली. धाक बराच वेळ बसत नव्हता.

१२ जानेवारी
प्रत्येकाचा कार्बन वेगळा काढला. माझा जवळजवळ शून्य. गाडी बाबांच्या नावावर, म्हणून पेट्रोल बाबांच्या वाट्याला. कायदा म्हणजे कायदा. घरातले सर्वांत मोठे गुन्हेगार बाबाच निघाले. तक्ता फ्रिजवर चिकटवला. बाबा चष्मा लावून वाचत राहिले, मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. शरम वाटली असावी.
तक्ता तिलाही दाखवायला गेलो. ती घरी नव्हती. गल्लीत फेऱ्या मारत थांबलो. संध्याकाळी पुन्हा गेलो.

१६ जानेवारी
फ्रिज बंद केला. दूध नासलं. आईने ते पातेलं माझ्या खोलीत, माझ्या उशीशी आणून ठेवलं. धाकटी मैत्रिणीकडे राहायला गेली. एक माणूस कमी म्हणजे तेवढा कार्बन कमी. पद्धत चांगली आहे. बाबांनाही विचारून पाहिलं. त्यांनी चप्पल शोधली. मीच बाहेर गेलो. गाडीवरून.

२१ जानेवारी
उद्या ती तपासायला येणार, आमच्या घरी! बाबांना बजावलं, शरमेने मान खाली घालून बसा. शर्टाला दोनदा इस्त्री केली.

२२ जानेवारी, दुपार
ती आली. सोबत सायकलवाला. घरभर फिरली, आईच्या स्वयंपाकघरात फार वेळ रमली. मग तक्त्यातल्या बाबांच्या पेट्रोलपाशी अडली.
"काका, एवढं फिरता कुठे हो?"
बाबांनी मान खाली घातली नाही. "मी बसने जातो, पोरी. तीन आठवडे झाले, गाडी मला दिसलीच नाही. हा तुझ्याकडे आकडे पोचवतो ना."
ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. मागे पंखा नव्हता.
"म्हणजे रोज गल्लीत तो आवाज तुझा? आमच्या आजी झोपत नाहीत त्याने. मी कुणाची तरी तक्रार करणार होते."
सायकलवाला छताकडे बघत होता. दात दाखवत होता, धंदाच तो.

संध्याकाळ
बाबांनी किल्ली घेतली. आईने माझ्या पँटच्या खिशातून फ्यूज काढून घेतला. धाकटी परत आली, यंत्रासकट. सगळे जेवले, गप्पा मारल्या. मी जेवलो नाही. एवढं अन्न वाचलं, पण ते मोजायची कोणाची तयारी नाही.

२३ जानेवारी
उठलो नाही. घर कार्बनने भरून जाऊ दे. मी निमूट पाहीन, मग येतील पाय धरायला.

२६ जानेवारी
अजून कोणी आलं नाही. पांघरुणात आहे. दिवाही लावत नाही. मोबाइल बंद, चार्ज करायला उठवत नाही.

३१ जानेवारी
महिना संपला. शेवटचा आकडा घ्यायला ती आज स्वतः आली. दारातून ऐकलं: गेल्या आठवड्यात आमचं घर वस्तीत सर्वांत खाली, सगळ्यांच्या पुढे. बाबा गिझरने अंघोळ करत होते, फ्रिज चालू, यंत्र चालू, तरीसुद्धा!
माझं तप फळलं. ती माझ्या खोलीच्या दाराशी आली तसा ताडकन उठलो, केस सारखे केले, मनातलं सांगायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. घाबरल्यासारखी वाटली.
"नको नको, उठू नकोस," ती म्हणाली. "काहीच करू नकोस. असाच पडून राहा."
आई, बाबा, धाकटी, तिघांनी एकदम मान हलवली. या घरात पहिल्यांदाच एकमत झालं.
पडलो आहे.