आधी पंखा

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. बाबा जहाजावर होते तेव्हापासून आपल्या घराला पत्रांचीच सवय. तर, माझा कॉम्प्युटर म्हातारा झालाय. त्यावरचा तो शिडाच्या होडीचा खेळ तुला आठवतच असेल. होडी हाकायची, बेटं शोधायची, बाकी काही म्हणजे काही घडत नाही. हल्ली होडी धुक्यात अडखळते आणि लाटा तुकड्यातुकड्यांनी येतात. यंदा एकच भाग बदलणं जमेल. ग्राफिक्स कार्ड घेतलं तर पलीकडचा किनारा स्वच्छ दिसेल, मेमरी वाढवली तर अडखळणं थांबेल. मशीन तूच जोडून दिलंस, तेव्हा आता तूच सांग.

घरी सगळं ठीक, बाबांची झोप सोडून. निवृत्त होऊन आल्यापासून रात्रभर येरझाऱ्या घालतात. वजन उतरलंय. असंच चाललं तर हृदयावर ताण येईल, असं डॉक्टर म्हणाले. आई धास्तावलीय. दुपारी मात्र मी खेळायला बसलो की माझ्यामागच्या वेताच्या खुर्चीत येऊन बसतात आणि होडी बंदरातून सुटायच्या आत पेंगतात. तेवढीच काय ती त्यांची झोप. इतका कंटाळवाणा खेळ! आई म्हणते, खेळाचं राहू दे, ह्या डब्याच्या घरघरीने तिला पिठाच्या गिरणीत राहिल्यासारखं वाटतं.

कार्ड की मेमरी, लवकर कळव.

तुझा,
ढब्बू

ता. १२ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

वयाच्या तिशीला टेकलास तरी होडी काही सुटत नाही तुझी. असो, मलाही हेवा वाटला.

मी दिवसभर बंद खोलीत लोकांचे कान तपासते. दार लावलं की इतकं शांत होतं की आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटतो. कधीकधी वाटतं, खोली हळूच पाण्यावर तरंगायला लागलीय. तिथून रस्त्यावर आलं की कळतं, माणसं किती गोंगाटात जगतात. बाबांची उभी हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. निम्मे कान तिथेच ठेवून आले. त्यात तुझी गिरणी! म्हणून ना कार्ड, ना मेमरी, आधी पंखा बदल. मशीन तापूनच अडखळत असणार. सोबत बिनआवाजाचा पंखा पाठवतेय, माझ्याकडून भेट. घर शांत झालं की बाबांना झोप लागेल, अगदी खात्रीने सांगते.

सल्ल्याची फी म्हणून माझ्या वतीने आईचा एक पापा घे. माया आहेच, ती पत्रातून मोजत बसू नकोस.

तुझी ताई

ता. २३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंखा बसवला. काय सांगू! होडी अडखळत नाही. दोरांची करकर, काठाशी पाण्याची चुळबूळ, कुठूनतरी लांबून पक्षी, हे सगळं खेळात आधीपासून होतं आणि मला पत्ताच नव्हता. मी तासन्‌तास नुसता होडी सोडून बसतो.

पण बाबा. पहिल्या दिवशी खुर्चीत बसले आणि मशीन बंद आहे का असं विचारलं. चालू आहे, ताईच्या पंख्याची करामत, असं मी म्हटलं. ताईचं काम नेहमीच नेटकं असतं म्हणाले, थोडा वेळ टक्क डोळ्यांनी बसले आणि उठून गेले. आता दुपारचीही झोप गेली. काल जिन्यात तोल गेला, नशीब कठडा हाती लागला.

परवा एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. कपडे धुवायच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून, झाकणावर हात ठेवून बाबा गाढ झोपले होते. मशीन थांबलं तसे दचकून उठले आणि कुणी बंद केलं म्हणून विचारायला लागले. तेव्हापासून आई धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायला टाकते.

मला काही सुचत नाही. तू काहीतरी लिही.

ढब्बू

ता. २९ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र कामावर वाचलं आणि त्या शांत खोलीत एकटीच रडले. कान तपासण्यात आयुष्य चाललंय माझं आणि आपल्याच बाबांचे कान मला कळले नाहीत.

लहानपणी बाबांनी मला एकदा जहाज दाखवलं होतं, तू तेव्हा आईच्या कडेवर होतास. खाली इंजिनाच्या भिंतीवर त्यांनी माझा तळवा टेकवला. भिंत थरथरत होती. हे चालू आहे तोवर वरचे सगळे सुखरूप, असं ते म्हणाले. आवाजाने आपल्याला कधी जाग येत नाही, तो थांबला तरच येते, असंही म्हणाले. खेळ कंटाळवाणा म्हणून नाही रे ते तुझ्यामागे झोपत होते. आणि भेट माझी, म्हणून तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

जुना पंखा टाकला नसशील तर आधी तो लाव. बाकी काही नको.

तुझी ताई

ता. ८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी तो पंखा भंगारात टाकला होता. पण बाबांच्या खणात, रुमालात गुंडाळलेला सापडला. स्वच्छ पुसलेला, तेल घातलेला. का ठेवलात विचारलं तर म्हणाले, चालतं मशीन टाकवत नाही.

तुझा पंखा आत तसाच आहे. जुना डब्याच्या बाहेरच्या अंगाला बसवला आणि कॉम्प्युटर बाबांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशी नेला. बटण दाबलं, घरघर सुरू झाली. बाबांनी डब्यावर तळवा टेकवला आणि तसेच आडवे झाले. मी होडी बंदरातून सोडली. किनारा धुकटच दिसतो, दिसू दे. कार्डाची घाई नाही.

आता रात्रीही मशीन बंद करत नाही. आम्ही झोपतो आणि होडी एकटीच कुठेतरी जात राहते. सकाळी पाहावं तर नवंच बेट, आणि बाबा घोरतायत. आई म्हणते, आता घरात दोन गिरण्या झाल्या. म्हणते आणि डोळे पुसते.

काल झोपेतच बाबांनी विचारलं, सगळे चढले का. मी म्हटलं, सगळे चढले, ताईसुद्धा. मग ते कुशीवर वळले.

लोभ असाच चालू ठेव. बंद पडला तर आम्हाला जाग येईल.

तुझा,
ढब्बू