अंजिराकडची खिडकी

न्यू ऑर्लीन्स, ४ ऑक्टोबर १९९४

ती. अल्सीददादास,
ओडीलचा सा. न. वि. वि.

तू ह्यूस्टनला लेकीकडे मजेत आहेस, नातवंडांना थापा मारण्यात दिवस जातो, असं कळलं. थापांवरूनच हे पत्र लिहिते आहे.

पाहुण्यांनी भरलेल्या खेचरगाड्या हल्ली दिवसातून दहा वेळा आपल्या दारात थांबतात. इतक्या सुंदर गावात राहता, भाग्यवान आहात, म्हणतात, आणि जाताना पायरीवर रिकामे ग्लास ठेवून जातात. एकीने तर विचारलं, तुमचं गाव संध्याकाळी किती वाजता बंद होतं! जणू आम्ही सगळे पगारी नट. काल सोमवार, आपल्याकडचा राजम्याचा वार, म्हणून बाल्कनीच्या मोठ्या खिडकीत राजमा निवडत होते, तर खालून एक बाई किंचाळली. मला भूत समजली रे!

खाली जाऊन गाडीवाल्या मार्व्हाला धरलं. ती म्हणाली, वाट बघता बघता मेलेल्या एलोदीचं हे भूत, आणि ही गोष्ट म्हाताऱ्या अल्सीदने शिकवली.

दादा, ताईचं नाव? बाबांनी ज्या नावाला घरात बंदी केली, ज्या नावापायी आई झुरून गेली, ते तू तीस वर्षं गाडीवर बसून परक्यांना वाटलंस? आणि ताई मेली कुठे आहे? आपलं घर काळ्यांचं, पण ती उजळ रंगाच्या जोरावर शिकागोला गोऱ्यांत गोरी होऊन बसली, आपल्याला ओळख द्यायची नाही म्हणून. मला तर तिचं साधं पत्रही नाही.

घराला गिऱ्हाईक आलंय. त्याला इथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्यात. भुताची खोली आधी भरेल म्हणतो. ३ नोव्हेंबरला सही करून मी बॅटन रूजला जाते. ही गोष्ट थांबवणार असशील तर थांबव.

रागावले आहे, तरी लोभ कमी झालेला नाही.
तुझी ओडील

---

ह्यूस्टन, १२ ऑक्टोबर १९९४

चि. ओडील हीस,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शिव्या पोचल्या.

सुरुवात तूच केलीस, बाई. माझ्या बबेटला रोज शिळा पाव कोण घालायचं? त्या खेचराला अशी सवय लागली की पाव मिळाल्याशिवाय दारातून पाऊल उचलत नसे. एकदा तू चर्चमध्ये होतीस. गाडीत ओहायोचे सहा जण, बबेट ढिम्म. चाबूक मी कधी उगारला नाही, हे तुला ठाऊक आहे. काहीतरी बोलणं भाग होतं. समुद्री चाचे सांगून संपले होते. तोंडातून एकदम ताईच निघाली.

मी भूत नव्हतं सांगितलं. या घरात एक आई एलोदी नावाच्या लेकीची वाट बघत बसायची, आणि घर अजूनही वाट बघतं आहे, एवढंच सांगितलं. भूत या नव्या पोरांनी घुसडलं. ओडील, इतक्या वर्षांनी ते नाव मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. मग रोज सांगायला लागलो. वाटायचं, माणसं कुठून कुठून येतात, कुणीतरी शिकागोचं असेल, घरी जाऊन शेजारणीला सांगेल. वेडेपणा म्हण.

खिडकी मात्र खोटी दाखवली. मोठी खिडकी फोटोत बरी दिसते. आई बसायची ती अंजिराकडची लहान खिडकी. ती आपली, ती कशाला दाखवू?

तुझं चुकलं नाही. राहायचं तुला आहे, मी तर पळून आलो. मार्व्हाला आजच कळवतो, गोष्ट बंद. घराचं तू ठरव. मी रुसणार नाही.

म्हाताऱ्याला मनातून काढू नकोस.
तुझा अल्सीद

---

न्यू ऑर्लीन्स, २ नोव्हेंबर १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे.

काल सर्व संतांचा दिवस, म्हणून मी सकाळपासून दफनभूमीत आईबाबांच्या थडग्याला चुना लावत होते. परत आले तर मार्व्हा पायरीवर बसलेली. तुझं पत्र पोचल्यापासून तिने गोष्ट बंद केली होती; पण काल एका बाईने आपण होऊन गाडी इथे थांबवायला सांगितली आणि तीच गोष्ट मागितली. एकटीच होती, म्हातारी, डोक्यावर निळी टोपी. मार्व्हाने नेहमीप्रमाणे मोठ्या खिडकीकडे बोट केलं. तर बाई हळूच म्हणाली, ती नव्हे, वाट बघायची ती अंजिराकडची लहान. मार्व्हाने विचारलं, तुम्हाला काय माहीत? तर झाडाला जुलैत अजून अंजिरं लागतात का, एवढंच तिने विचारलं. उतरून घंटा वाजवा म्हटलं तर तिने मान हलवली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मागे वळून बघत होती.

गोरी बाई होती, असं मार्व्हा म्हणाली.

दादा, मी तेव्हा चुन्याची बादली घेऊन बसले होते रे! साठ वर्षांत एकदा दार उघडायचं होतं, तेव्हाच मी घरात नव्हते. रात्रभर रडले. तुझ्यावरचा राग केव्हाच गेला.

गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. मार्व्हाला सांगितलं, गोष्ट पुन्हा चालू कर, पण दादाची, भुताची नव्हे. आणि खिडकी बरोबर दाखव.

आज खुर्ची उचलून अंजिराकडे नेली. दहा गाड्या आल्या. कुणी फोटो काढले, दोघी किंचाळल्या. मी प्रत्येक गाडीला हात केला. एकीतही निळी टोपी नव्हती. उद्याही बसणार आहे.

नाताळला ये. येताना शिळा पाव आण, मार्व्हाचं खेचरही हल्ली दारात अडून बसतं.

खिडकीत बसलेली,
तुझी ओडील