कोळवडीच्या मुंगसाच्या डोळ्यांची अखेरची व्यवस्था

मी, आसावरी यशवंत घोलप, वय वर्षे पन्नास, राहणार ब्रॅकनेल, इंग्लंड, हे लिहून ठेवते. तातडीचे कारण असे की, गेल्या मंगळवारी मी घरात, दारापासून सहा पावलांवर, चहाचा कप हातात घेऊन बसलेली असताना पार्सलवाल्याने फटीतून कार्ड सरकवले: 'तुम्ही घरी नव्हतात.' मी दार उघडून हाक मारली. त्याने व्हॅनमधून माझ्याकडे पाहिले आणि तो निघून गेला. माझ्या अस्तित्वाबद्दल अशी लेखी शंका घेतली गेल्यावर मागची व्यवस्था लावणे भाग आहे. पार्सलमध्ये चकलीचा सोऱ्या होता. तो अजून डेपोत आहे. ज्याला मिळेल त्याचा.

माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, मद्य घेतलेले नाही. राग आहे, पण रागामुळे मृत्युपत्र बाद होत नाही, हे सॉलिसिटरला विचारून घेतले आहे. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. आधी एकही केलेले नाही, पण असे लिहायची पद्धत आहे.

१. ब्रॅकनेलचे दोन खोल्यांचे घर माझी भाची आर्या हिला द्यावे. व्यवस्थापकही तीच. ती इथेच जन्मली, म्हणून तिची तक्रार नोंदवते.
"आत्या, विल इंग्लिशमध्ये लिही ना. मला अर्धा कळणार नाही."
"मला इंग्रजीत भांडता येत नाही."
"विलमध्ये कोण भांडतो? तो मुंगूस मेला का?"
"सिमेंटचं आहे ते. मरत नाही."
आर्याने भाषांतर करून घ्यावे. मात्र भाषांतर करणाऱ्याने माझे शब्द सौम्य करू नयेत.

२. इथल्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकात मी एकोणीस वर्षे 'तिरकी खुर्ची' हे सदर लिहिले. त्यात ज्यांची टिंगल केली त्यांची माफी मागत नाही. ज्यांची राहिली, त्यांनी मला वेळ कमी पडला असे समजावे.

३. आता मुंगूस. कोळवडी हायस्कूल ज्या माळावर बांधले तिथे साप फार. म्हणून पहिल्या हेडमास्तरांनी फाटकाशी सिमेंटचे मुंगूस बसवले, आणि तेच शाळेचे बोधचिन्ह झाले. बॅजवर मुंगूस, कबड्डीच्या बनियनवर मुंगूस. दरवर्षी निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी दहावीचा वर्ग त्याला अंघोळ घालून रंग देई. पाठ कोणीही रंगवावी, पाय कोणीही. डोळे मात्र पूर्वपरीक्षेत जो शेवटचा आला असेल त्यानेच. तोवर मुंगूस आंधळे असे आणि सगळी शाळा त्या एकासाठी खोळंबून उभी राही. मी आजवर पुष्कळ मॅनेजमेंट ट्रेनिंगे केली. याहून शहाणी गोष्ट कोणी शिकवली नाही.

एक्क्याण्णव साली शेवटची मी आले होते. ज्यांना वाटते की मी हुशार होते, त्यांनी गैरसमज दुरुस्त करावा.

४. गेल्या वर्षी संस्थेच्या सचिवांनी ठरवले की मुंगूस मागासलेले दिसते, सिंह बसवावा. फायबरचा. आमच्या माजी विद्यार्थी संघाच्या युके शाखेत सदतीस माणसे. मी निषेधाचा अर्ज लिहिला आणि सह्या गोळा करायला निघाले. इल्फर्डला दोन रविवार गेले. बर्मिंगहॅमला राजीव जगदाळेने बसस्टॉपवर, पावसात, माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली आणि विचारले, "डोळे रंगवणारी तूच ना गं?" सदतीसच्या सदतीस सह्या झाल्या. पहिली माझी.

शाखेचा अध्यक्ष दीनानाथ पाटणे. माझ्याच वर्गातला, पहिला आलेला. तो डिसेंबरात गावी जाणार होता. मी फोल्डर त्याच्या हातात दिले. तो म्हणाला, "काळजी करू नकोस, मी स्वतः सचिवांच्या टेबलावर ठेवतो."

ठेवले. जानेवारीत ग्रुपवर फोटो आला: फाटकाशी पिवळाधमक सिंह, खाली संगमरवरी पाटी. 'दीनानाथ पाटणे यांजकडून सप्रेम. युके शाखेच्या सदतीस माजी विद्यार्थ्यांच्या एकमुखी पाठिंब्याने.' त्यावर सत्तावीस अंगठे. सही करताना ज्यांचे डोळे पाणावले होते, त्यांनीही अंगठा दिला. त्या सत्तावीस जणांना माझ्याकडून काहीही मिळू नये. राजीवने अंगठा दिला नाही. त्याला माझी छत्री द्यावी.

५. मी दीनानाथला फोन केला. संभाषण आठवते तसे देते.
"दिना, माझ्या सह्या सिंहाला कशा लागल्या?"
"अगं, सचिव म्हणाले शाखेचा पाठिंबा दाखवा. कागद हातात होते."
"ते मुंगसासाठी होते."
"सह्यांच्या पानांवर तसं कुठे होतं?"
नव्हते. ही चूक माझी. अर्जाचा मजकूर मी पहिल्या पानावर टाइप केला आणि सह्यांसाठी मागे कोरी पाने जोडली, सगळ्या निवेदनांना जोडतात तशी. वीस वर्षे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईला ही दिसली नाही.
"आणि पहिलं पान?"
"ते इथे राहिलं बहुतेक. बघतो."
"आता बघशील?"
"आसावरी, सिंह बरा दिसतो गं. पोरांनी उद्या बाहेर काय सांगायचं, आमचं मुंगूस?"
"तुला कुठल्या इंटरव्ह्यूत बोधचिन्ह विचारलं होतं?"
तो म्हणाला, "तुला डोळे मिळाले. मी पहिला आलो होतो. मला काय मिळालं?"
मी फोन ठेवला.
याच कारणाने या मृत्युपत्राच्या प्रत्येक पानावर मजकूर आणि सही एकत्र आहेत. कोरे पान एकही जोडलेले नाही.

६. मुंगूस माझ्या मालकीचे नाही, ते देता येत नाही, हे मला कळते. ते सध्या पाण्याच्या टाकीमागे आहे. शाळेच्या सेविका गयाबाई कांबळे यांनी ते फोडू दिले नाही. त्यांचा निरोप मी जपून ठेवला आहे: "ताई, जेसीबीवाला आला व्हता. म्या म्हनलं, माझ्यावरनं ने आन् मग फोड. गेला. शेपूट मोडलंय, डोळं हायेत. वर पोतं टाकलंय." या मार्चमध्ये शेवटची आलेली मुलगी निरोप समारंभाला आलीच नाही, हेही गयाबाईंनीच कळवले. तिच्यासाठी कोणी खोळंबले नव्हते.

७. म्हणून माझी सर्व बचत कोळवडी हायस्कूलला द्यावी, ती अशा अटीवर: मुंगूस फाटकाशी परत यावे, आणि त्याचे डोळे पूर्वपरीक्षेत शेवटच्या आलेल्या मुलाने किंवा मुलीने, सगळ्या शाळेसमोर रंगवावेत. सिंह कुठेही ठेवावा. त्याच्याशी माझे भांडण नाही, त्याला कोणी विचारले नव्हते. दोन वर्षांत हे न घडल्यास ती सर्व रक्कम गयाबाईंना द्यावी, बिनशर्त. मग सचिवांना शाळेचे छप्पर दुरुस्त करायचे असेल तर त्यांनी गयाबाईंच्या दारात जाऊन मागावे आणि चप्पल बाहेर काढावी.

८. दीनानाथ पाटणे याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. माफीही नाही.

पण 'मला काय मिळालं?' या त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे. डोळे रंगवायच्या त्या दिवशी मी शाळेमागे लपून रडत होते. सगळ्यांसमोर शेवटची म्हणून उभे राहायचे नव्हते. मला शोधून आणले ते त्याने. "तू रंगव, मी डबा धरतो," म्हणाला. मी ब्रश न निथळताच उचलत होते. तो मुंगसाच्या तोंडाशी उकिडवा बसून राहिला आणि काळा ऑइलपेंट ठिबकत राहिला त्याच्या पांढऱ्या शर्टावर. तसला त्याच्याकडे एकच होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या नंबराचे बक्षीस त्याने छातीवर हाताची घडी घालून, एक हात काढून घेतले, आणि उर्मट म्हणून सरांची बोलणी खाल्ली. त्याने डागाचे कोणाला सांगितले नाही. मी म्हटले होते, पहिल्या पगारात तुला शर्ट घेईन. पहिला पगार अठ्ठ्याण्णव साली झाला.

ही बाब मृत्यूवर ठेवण्यासारखी नाही. शनिवारी एक पांढरा शर्ट, पूर्ण बाह्यांचा, बेचाळीस नंबर, त्याच्या दाराशी ठेवून आले. बेल वाजवली नाही. चिठ्ठी ठेवली नाही. त्याला कळेल, तो पहिला आलेला आहे.

या बाबतीत आता माझ्याकडे काही बाकी नाही.

सही: आसावरी यशवंत घोलप

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना, आमच्यासमोर बाईंनी सही केली व त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. या देशात साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही हे आम्हांस समजावून सांगितले. आम्ही चहा घेतला.

साक्षीदार १: प्रमोद भास्कर इनामदार, शेजारी
साक्षीदार २: कल्याणी नकुल देवधर, शेजारी

स्थळ: ब्रॅकनेल
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५